कोसलनरेशाचा शेवटचा घास

भुसावळहून निघालेली आमची धम्मसहल गोंडा स्टेशनावर उतरली तेव्हा जेमतेम उजाडत होते. आम्ही बेचाळीस उपासक-उपासिका, सोबत दोन आचारी आणि शिध्याची पोती. फेब्रुवारीचे दिवस, हवेत चांगलाच गारठा. स्टेशनाबाहेर आधीच ठरवलेली बस उभी होती. सगळ्यांनी दोन-दोन कप गोड चहा घेतला. मीही घेतला. खरे म्हणजे घ्यायला नको होता, कारण माझ्या सदऱ्याच्या खिशात एक कागद होता आणि तो मी घरी कोणालाही दाखवला नव्हता.

निघण्याच्या चार दिवस आधी ऑफिसात आरोग्य तपासणी झाली होती. उपाशीपोटी साखर १६८. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावली, तरी आकडा तोच. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर दोनदा आली की मधुमेह समजतात. मी वाणिज्य शाखेचा माणूस, आकडे खोटे बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही सहलीची मजा जायला नको म्हणून तो कागद दडवून ठेवला.

श्रावस्तीला जाणारा रस्ता बलरामपूरवरून जातो. हा साखरेचा मुलूख. दोन्ही बाजूंना पिवळी मोहरी, मध्येच उसाचे फड, आणि कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. बलरामपूरपासून सुमारे १७ किलोमीटरवर सहेट-महेट लागते. सहेट म्हणजे जेतवन विहाराची जागा आणि महेट म्हणजे श्रावस्ती नगरी, कोसल देशाची राजधानी. १८६३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ही ओळख पटवली. आज तिथे विटांचे पाये, जुन्या विहारांच्या खोल्या, विहिरी आणि हिरवळ आहे. आजूबाजूला श्रीलंका, थायलंड, म्यानमार इत्यादी देशांचे विहार उभे आहेत. परंपरा सांगते की तथागतांनी सर्वांत जास्त वर्षावास याच नगरीत घालवले. अनाथपिंडिकाने जेत राजकुमाराकडून ही बाग सुवर्णमुद्रा अंथरून विकत घेतली ही कथा आपल्या मुलाबाळांनाही पाठ असते.

गंधकुटीपाशी वंदना झाली. मेणबत्त्या लावल्या. मग आनंदबोधी पिंपळाखाली बसलो असता सोबतच्या भन्तेजींनी विचारले, "इथे राजा प्रसेनजिताला तथागतांनी कोणता उपदेश केला, ठाऊक आहे का?" आम्हाला वाटले राज्यकारभाराविषयी असेल. भन्तेजी हसून म्हणाले, "जेवणाविषयी!"

ही हकिगत संयुत्त निकायात आहे. प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात आणि त्यावर कालवणे खात असे. द्रोण म्हणजे धान्य मोजण्याचे मोठे माप. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो तथागतांच्या भेटीला आला. त्याची अवस्था पाहून त्यांनी एक गाथा सांगितली. भान ठेवून, प्रमाण ओळखून खाणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि त्याचे आयुष्य सांभाळले जाते, असा तिचा आशय. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणायला सांगितले. त्यासाठी रोजचे शंभर कार्षापण ठरवून दिले. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. नाळी म्हणजे द्रोणाच्या मानाने अगदी लहान माप. त्याचे अंग हलके झाले, आणि तथागतांनी आपले दोन्हीकडून कल्याण केले असे तो म्हणाला.

अट्ठकथेत याची रीतही दिली आहे. राजा शेवटचा घास उचलू लागला की गाथा म्हणायची. राजाने तो घास बाजूला ठेवायचा. त्या घासात जेवढी शिते असतील तेवढेच तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे. उपवास नाही, एका दिवसात सारे सोडणे नाही. रोज फक्त एक घास कमी.

हे ऐकताना मला माझे थोरले बंधू आठवले. दादा रेल्वेत खलाशी होते. मधुमेह निघाला तेव्हा मी त्यांना पथ्याचे सांगायला गेलो, तर ते म्हणाले होते, "आपल्या बापजाद्यांनी गावकीच्या शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले. ७२ च्या दुष्काळात आईने आम्हाला मिलो आणि सुकडीवर जगवले. आता चार पैसे हातात आले, तर मी हात आखडून खाऊ होय रे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे त्यांच्या पायाला जखम झाली, ती भरली नाही, आणि आधी अंगठा व मग पाय काढावा लागला. दोन वर्षांनी दादा गेले.

जेतवनात बसून दादांच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले असे वाटले. उपाशी राहणे हा धम्म नाही. सिद्धार्थाने उग्र उपोषण करून पाहिले, शरीराचा सापळा झाला, तेव्हा ते सोडून सुजातेची खीर स्वीकारली. पण अति खाणे हाही धम्म नाही. ज्याच्या ताटात काहीच नव्हते त्याला पोटभर अन्न मिळणे हा न्याय आहे. मात्र भूक संपल्यावरही ताट भरत राहिलो, तर जे पोटाला मिळाले ते आपणच शरीराकडून हिरावून घेतो. पूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते हे आपण विसरतो. एवढे वाचन, एवढे लेखन, संविधानाचे एवढे ओझे त्यांनी या दुखण्यासह पेलले.

दुपारी दीड वाजता आमच्या पंगती बसल्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भात आणि बुंदी. शेजारच्या विहारातील भिक्खूंचे भोजन केव्हाच आटोपले होते, ते माध्यान्हानंतर जेवत नाहीत. माझ्या शेजारी आमच्या वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी फडक्यात बांधलेली कळण्याची कडक भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा काढला. आचाऱ्याने बुंदी वाढायला डाव पुढे केला, तेव्हा माझ्या हाताने ताट आपोआप पुढे केले. मग मी हात मागे घेतला आणि खिशातला कागद पत्नीच्या हातात दिला.

तिने तो वाचला. जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, दादांचे सारे डोळ्यांनी पाहिले ना आपण? मग हे लपवले कसे?" आजींनी आपली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

आता या गोष्टीला सहा महिने झाले. वाचक बंधू-भगिनींनो, मी काही मोठे तप केले नाही. राजाची रीत तेवढी उचलली. चहा दिवसाला सहा कप होता, दर आठवड्याला त्यातली साखर अर्धा चमचा कमी केली, मग कपही कमी केले. आता दोन कप, बिनसाखरेचे. चार पोळ्यांच्या जागी दोन भाकरी. भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अर्धे ताट भाज्या-फळांचे असावे असे सांगितले आहे. म्हणून अंबाडी, तांदुळजा, चिवळ, शेवगा या आपल्या जुन्या भाज्या घरात परत आल्या. सोबत उसळ किंवा अंडे. लोणचे-पापड कमी केले, कारण मीठ दिवसाला एका लहान चमच्याच्या आत हवे. रात्री जेवणानंतर आम्ही दोघे अर्धा तास चालतो. पूर्वी त्या वेळी मी टीव्हीसमोर शेव घेऊन बसत असे.

डॉक्टरांनी दिलेली गोळी चालूच आहे. मागच्या महिन्यात साखर १२२ आली. एक सूचना मात्र करतो. भिक्खूंचा नियम पाहून कोणी परस्पर रात्रीचे जेवण सोडू नये. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. जे करायचे ते डॉक्टरांना विचारून.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यात आपल्या वस्त्याही आल्या. आमच्या मंडळाने यंदा जयंतीला बुंदीच्या जोडीला मोड आलेल्या मटकीची उसळ आणि केळी ठेवली, आणि मंडपाच्या कोपऱ्यात साखर तपासण्याचे टेबल लावले. काही तरुण हसले. पण टेबलासमोरची रांग दुपारपर्यंत हलली नाही.

प्रसेनजिताने आठवण करून देण्यासाठी रोज शंभर कार्षापण मोजले. माझ्या घरी हे काम फुकट होते. दुसरी भाकरी संपत आली की पत्नी नुसते म्हणते, "श्रावस्ती!" आणि मी हात धुवायला उठतो.

जयभीम!