दहा बाय बारा

श्रीगोंद्यात ही खोली मिळाली तेव्हा तिच्यात आधीच्या भाडेकरूनं ठोकलेल्या तीन खुंट्या होत्या. आई म्हणाली, "झालं की. तीन माणसं, तीन खुंट्या."

गावाचं जुनं नाव चांभारगोंदा. नाव बदललं, पण खोली विचारायला गेलं की आडनाव अजून विचारतात. सहा ठिकाणी सांगितलं, सहा ठिकाणी खोली "कालच गेली" होती. ही सातवी. दहा बाय बारा, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, एक दार, एक खिडकी. तिच्यात मी, आई आणि बारावीला असलेली धाकटी बहीण.

मी साखर कारखान्यात मिलला आहे, ऊस पिळणाऱ्या रोलरपाशी. पाळ्या तीन. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. रात्रपाळी करून पहाटे चारला सुटलो की मला अंधार पाहिजे. बहिणीला त्याच वेळी अभ्यासाला उजेड पाहिजे. आईचा तर स्वैपाक सुरू व्हायचा. एकाच खोलीत एकाच वेळी रात्र, सकाळ आणि फोडणी. घर सजवायच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी हे गणित सोडवावं.

डिसेंबरात एकदा मी आलो आणि न बोलता दिव्याचं बटण बंद केलं. तीही काही बोलली नाही. पुस्तक घेऊन बाहेर पायरीवर रस्त्याच्या दिव्याखाली जाऊन बसली. त्याच आठवड्यात मी शिक्षणावर कविता लिहिली होती. ती कविता फाडली नाही. लाज म्हणून ठेवली आहे.

बाबासाहेबांचं परळच्या चाळीतलं लहानपण आपल्याला पाठ आहे. एकच खोली, धूर, उशाशी जातं, पायाशी शेळी. रामजीबाबा पोराला लवकर निजवून स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे. जयंतीला आपण पोराच्या जिद्दीवर टाळ्या वाजवतो. पण त्या बापानं एका खोलीची वेळ कापून दोन खोल्या केल्या होत्या, हे मला त्या पायरीकडं बघताना कळलं.

मग आईनं खोली ताब्यात घेतली. तिनं जवानीत ऊस तोडला. रानात बांबू, चटई, पाचट लावून एका संध्याकाळी कोपी उभी करायची आणि हंगाम संपला की मोडायची. ती म्हणाली, "आरं, कोपीत सहा जणं झोपायचो आमी. जमिनीवर काय ठिवू नको. जमीन माणसाला लागती."

जमिनीवरचं सगळं उचललं. खाटेच्या पायांखाली विटा घातल्या, खाली पेटी आणि ज्वारीचं पोतं गेलं. शेगडी खिडकीशी नेली, धूर आणि वाफ बाहेर. साखरेची तागाची पोती उसवून तिनं एकाला एक जोडली, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं आणि तारेवर पडदा टांगला. त्याला मळीचा वास येतो. मला येत नाही, माझ्या अंगालाच तो आहे. पण त्यातून उजेड येत नाही आणि आवाजही थोडा दबतो. आता चारला मी येतो, बहीण उठते, तिच्या जागेवर मी पडतो. फोडणी सातनंतर.

मी केलं ते एकच. भंगारातून फळी आणि दोन बिजागऱ्या आणल्या, भिंतीला साखळीनं अडकवल्या. खाली सोडली की टेबल, वर केली की भिंत. पहाटे तिच्यावर जीवशास्त्र, दुपारी आईची डाळ निवडणं, पाळी नसेल तर रात्री माझी वही. एप्रिलच्या आधी पत्र्याला वरून चुना मारला. ऊन जरा परततं. जरा म्हणजे जराच.

चंदीगडचा आराखडा करणारा ल कार्बुझिए यानं 1952 साली फ्रान्समध्ये समुद्राकाठी स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. 3.66 मीटर बाय 3.66 मीटर. म्हणजे बारा बाय बारा, आमच्यापेक्षा दोन फूट जास्त, आणि राहणारा उन्हाळ्यापुरता. तिच्यात चूल नव्हती, जेवण शेजारच्या खानावळीत. लोक लांबून ती बघायला जातात. माझा त्याच्यावर राग नाही, भिंतीला धरून बसवलेलं त्याचं टेबल तर मला फार आवडलं. पण त्यानं ती लहान मापून घेतली होती. आम्हाला लहान मापून दिली. आमच्याकडं बघायला कोणी येत नाही, घरमालक सोडून. तो पाच तारखेला येतो आणि पडदा बघून म्हणतो, "खिळे किती ठोकले?"

काल पहाटे सुटून आलो तर पडद्याखालून उजेडाची बारीक पट्टी दिसत होती. आई दारातच म्हणाली, "हळू. तिचा धडा चाललाय." मी चपला हातात घेऊन आत गेलो. फळीवर माझी कवितेची वही उघडी होती. तिच्या मागच्या पानांवर बहिणीनं गणितं सोडवली होती. कागद संपला होता म्हणे.