घाईच्या सकाळची सुशीला

परभणीस आमच्या एकत्र कुटुंबात सकाळ म्हणजे नित्याचीच धांदल. मुलांची शाळा, मामंजींचे पथ्य, आणि सूनबाईंना पूर्णेची गाडी गाठावयाची. सर्वांचे करता करता त्या स्वतः उपाशीच निघून जात, व ते आमच्या ध्यानातही येत नसे. एके दिवशी गाडीत त्यांना भोवळ आली, तेव्हा आमचे डोळे उघडले. सुनेने शेवटी खावे ही रीत आम्ही सोसली आणि पुढेही चालविली. दोष कोणास द्यावा?

त्या दिवसापासून आम्ही मराठवाड्याच्या सुशीलेस शरण गेलो. मोहरी, मिरची, कांदा व हळद यांची फोडणी आधी सिद्ध करावी. मगच चुरमुरे पाण्यात बुडवून लागलीच पिळावे, कारण अधिक भिजले की लगदा होतो. वरून डाळ्याचे पीठ, दाण्याचे कूट घालून एक वाफ आणावी. मिरचीचे तुकडे मोठे ठेवले की मुलांस वेचून काढता येतात. चातुर्मासात कांदा वगळावा. चुरमुरे नसतील तर रात्रीची ज्वारीची भाकरी कुस्करून तिलाच फोडणी द्यावी. शिळी म्हणून नाक मुरडू नये; येथील कृषी विद्यापीठाने २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीच काढली.

पहिली बशी आम्ही सूनबाईंपुढे ठेवली. त्या संकोचून म्हणाल्या, “आधी आजोबांना द्या.”

मामंजी ओसरीवरून उत्तरले, “मला कुठे गाडी गाठावयाची आहे?”