द्विवचनाचं गाव

लग्नाला बारा वर्षं झाली, तरी आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. कधी सासूबाई बरोबर, कधी मुलं, नाहीतर सगळं वऱ्हाडच! गेल्या मे महिन्यात यांना कंपनीच्या कामासाठी आठवडाभर ल्युब्लियानाला जायचं ठरलं, तेव्हा नणंदबाईच म्हणाल्या, "वहिनी, तूही जा. घर मी बघते." शाळेला सुट्टी होती. अर्धवेळ नोकरीच्या पगारातले साठवलेले पैसे तिकिटापुरते निघाले. मग मागेपुढे पाहिलं नाही.

ल्युब्लियाना ही स्लोव्हेनियाची राजधानी. हा चिमुकला देश १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. व्हिसा शेंगेनचा, चलन युरो. मुंबईहून थेट विमान नाही; आम्ही इस्तंबूलला विमान बदललं. जाणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सूचना : युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सासूबाईंनी केलेले पेढे त्यामुळे घरीच राहिले. (मुलांनी आनंदाने संपवले!) उतरताना खिडकीतून आल्प्सची बर्फाची शिखरं दिसली आणि इतक्या तासांचं अवघडलेपण पळालं.

राजधानी म्हटल्यावर मी धास्तावले होते; पण वस्ती तीन लाखांच्याही आत. भर गावातून ल्युब्लियानित्सा नावाची नदी वाहते, डोक्यावर टेकडीवरचा किल्ला. २००७ पासून गावाच्या मध्यभागात मोटारींना बंदी केली आहे, त्यामुळे रस्ता ओलांडताना छातीत धडधड नाही. हे सकाळी कामावर गेले की मी एकटीच निघायची. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणालाही न सांगता डावीकडे वळत होते, वाटलं तर उजवीकडे!

१८९५ च्या भूकंपात या गावाची बरीच पडझड झाली. पुढे योझे प्लेचनिक या वास्तुशिल्पीने गावाला रूप दिलं. नदीवर एक जुना दगडी पूल होता. तो न पाडता त्याने दोन्ही बाजूंना माणसांसाठी आणखी दोन पूल बांधले. १९३२ मध्ये पुरा झालेला हा तिहेरी पूल आजही गावाची शान आहे. जुनं न मोडता नव्याला जागा कशी करावी, हे आम्हा सुनांना शिकवायला नकोच म्हणा!

पुलाशेजारच्या चौकात पुतळा आहे तो कुणा सेनापतीचा नाही, फ्रान्त्से प्रेशेरेन या कवीचा. ८ फेब्रुवारी हा त्याच्या मृत्यूचा दिवस; त्या दिवशी देशाला सुट्टी असते. मराठी-संस्कृत शिकवणारीला आणखी काय हवं?

रोज मी नदीकाठच्या एका कॉफीच्या दुकानात बसायची. तिथे पोतित्सा मिळते. अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेली गोड पावासारखी वस्तू. कापली की आतून थेट अळूवडी! वाढणारी मुलगी मला विचारायची, "काय बोस्ते?" म्हणजे काय घेणार? एका संध्याकाळी हे बरोबर होते, तर ती म्हणाली, "काय बोस्ता?" माझ्यातली मास्तरीण जागी झाली. विचारलं, तर ती हसून इंग्रजीत म्हणाली, "आता तुम्ही दोघं आहात ना!"

मैत्रिणींनो, त्यांच्या भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे! आपण सगळे जाऊ म्हणजे 'ग्रेमो', आपण दोघं जाऊ म्हणजे 'ग्रेवा'. आपलं संस्कृत आठवा : गच्छामः, गच्छावः. तोच म, तोच व. मराठीने मात्र द्विवचन केव्हाच सोडून दिलं.

मी हे यांना उत्साहाने सांगत होते. सांगता सांगता थबकले. आमच्या घरातही एकवचन आहे, अनेकवचन आहे. दोघांचं असं काही बोलणं मात्र दूधवाला, फी आणि गॅस यांपलीकडे गेलेलं नव्हतं. शाळेने मला पूर्णवेळ घ्यायची तयारी दाखवली होती, त्याला दोन महिने झाले होते. घरी विषय काढला की कुणीतरी "बघू" म्हणायचं, आणि कुकरची शिट्टी व्हायची.

त्या संध्याकाळी कुकर नव्हता. मी सगळं सांगितलं. वेळापत्रक, पगार, सासूबाईंची औषधं, धाकटीची शाळा. यांनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "तुला हवंय ना?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी "हो" म्हटलं.

"मग आईशी आपण दोघं बोलू," हे म्हणाले.

बोललो. सासूबाई आठ दिवस गप्प होत्या. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "डबा किती वाजता लागेल?" जूनपासून मी पूर्णवेळ शिकवते आहे. सकाळची धावपळ दुप्पट झाली. पण कणीक हे मळतात. थोडी सैल होते, तरी चालवून घेते.