खालच्या थराचा मास्तर

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही. आमच्याकडे फुटबॉल-संघांची नावेसुद्धा तालमींची! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही नावे ऐकून परगावचा पाहुणा कुस्त्या पाहायला म्हणून निघतो आणि शाहू स्टेडियमवर जाऊन पोचतो. अशा गावचा मी. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहानशा कॉलेजात गणिताचा प्राध्यापक म्हणून रुजू झालो, तेव्हा 'इथे फुटबॉलचे फार वेड' हे ऐकून गावाकडचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. पहिल्याच शनिवारी मैदानावर गेलो आणि पाहतो तो काय! चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. खेळाडू शिरस्त्राणे चढवून लढाईला निघालेले. आणि पायाचा चेंडूशी संबंध अधूनमधूनच. याला फुटबॉल म्हणायचे, तर आमच्या खोखोला बुद्धिबळ म्हणायला काय हरकत आहे?

पण बावीस वर्षे एका गावात काढली की त्या गावचे वेड अंगात भिनतेच. आता मला हा खेळ कळतो. निदान त्यातले पाच जण तरी कळतात, आणि ही हकिकत त्या पाच जणांच्या मास्तराची आहे.

खेळ थोडक्यात असा. अकरा जणांच्या संघाने चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याचे नाव किराणा दुकानदारापासून कॉलेजच्या अध्यक्षांपर्यंत साऱ्यांच्या तोंडी. त्याच्यापुढे पाच धिप्पाड पोरे रांगेत वाकून उभी असतात : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, आणि कडेला टॅकल. समोरून चालून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचे आणि मागच्याला तीन-चार सेकंदांची उसंत मिळवून द्यायची, हे त्यांचे काम. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच. एरवी या पाचांच्या हाताला चेंडू क्वचितच लागतो. ध्वनिक्षेपकावरून त्यांचा उद्धार होतो तो बहुधा समोरच्याला धरून ठेवल्याबद्दल दहा यार्डांचा दंड झाला म्हणजे. दहीहंडीच्या मनोऱ्यात अगदी खालच्या थराला जे उभे असतात ना, तेच हे. हंडी फोडणाऱ्याचा फोटो छापून येतो. खालच्यांच्या खांद्यांवर फक्त पावलांचे वळ.

या पाचांना, आणि त्यांच्या जागी कधी ना कधी उभे राहू म्हणून झटणाऱ्या आणखी दहाबारा जणांना शिकवायला एक स्वतंत्र कोच असतो. २०२२ च्या जानेवारीत आमच्याकडची ही जागा रिकामी झाली. मोसम संपला की इकडे कोच मंडळींमध्ये बदल्यांची साथच येते. वरची एक खुर्ची हलली की खालच्या दहा हलतात. त्या साथीत आमचा माणूस एका मोठ्या विद्यापीठाने उचलला. आता कॉलेजांच्या खेळांची जी राष्ट्रीय संघटना आहे, एन. सी. ए. ए., तिचा नियम असा की, प्रत्येक कॉलेजात खेळांकडे लक्ष ठेवणारा एक प्राध्यापक-प्रतिनिधी असावा. ते काम माझ्याकडे. म्हणून निवड-समितीतही मी.

आमचे कॉलेज तिसऱ्या विभागातले. या विभागात चारशेहून अधिक कॉलेजे आहेत, आणि त्यांत खेळतो म्हणून कोणाला शिष्यवृत्ती देता येत नाही. पहिल्या विभागातल्या विद्यापीठांना २०२५ च्या १ जुलैपासून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे, आणि तिथल्या काही सहायक कोचांचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरांच्या वर आहे. आमचा सहायक कोच सकाळी व्यायामशाळेचे कुलूप उघडतो, दुपारी नव्या मुलांच्या शोधात शाळांचे उंबरठे झिजवतो, आणि वेळ पडली तर संघाचे कपडेही धुवायला टाकतो.

मग एवढ्याशा जागेसाठी एवढी यातायात कशाला, असे वाचक विचारतील. मीही विचारले होते. नाव होते ते हेड कोचचे. आमच्याच राज्यातल्या माउंट युनियनच्या लॅरी केहरेस यांनी १९८६ ते २०१२ या सत्तावीस मोसमांत ३३२ सामने जिंकले आणि अवघे २४ हरले. त्यांचे नाव इकडे वस्तादाच्या मानाने घेतात. परंतु हेड कोच म्हणजे हेडमास्तर. पोराला तो लांबून दिसतो. रोज त्याच्या पुढ्यात उभा राहून 'पाय सहा इंच उचल, आठ नको' असे शंभरदा सांगतो तो त्याच्या जागेचा कोच. अठरा वर्षांच्या मुलाच्या कानात चार वर्षे ज्याचा आवाज घुमणार, तो माणूस आपण निवडतो आहोत, हे ध्यानात आल्यावर मला रात्री नीट झोप येईना.

आमच्या सौभाग्यवती लग्नापूर्वी कोल्हापुरात मास्तरीण होत्या. त्यांनी माझी चुळबुळ पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हांला त्यातले किती कळते हे त्या लोकांनाही ठाऊक आहे. तुम्ही आपले एकच विचारा. ज्या पोराला कधीच खेळायला मिळाले नाही, अशा एकाचे तरी नाव आठवते का म्हणावे."

शंभरावर अर्ज आले. त्यांतून तिघांना बोलावणे गेले. प्रत्येकाने फळ्यावर एक डाव मांडून आमच्या मुलांना शिकवायचा, आणि मग समितीच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची.

पहिले गृहस्थ चाळिशीचे, अनुभवी; अकरा वर्षांत पाच कॉलेजे पाहिलेले. फळ्यावरचे त्यांचे काम म्हणजे मोत्यांची रांगोळी. मी माझा प्रश्न टाकला. त्यांनी एका मुलाची सुरस कहाणी सांगितली : दोन वर्षे बाकावर बसला, तिसऱ्या वर्षी संघात आला, चौथ्या वर्षी मैदान गाजवले. मी म्हटले, "तो खेळला की! न खेळलेल्याचे सांगा." गृहस्थ हसले. "तसे पुष्कळ होते," म्हणाले. नाव मात्र एकही आले नाही.

दुसरे एका हायस्कुलातले शिक्षक; केस पिकलेले, पंजा फावड्याएवढा. त्यांना न खेळलेल्या मुलांची नावे विचारली तर एका दमात नऊ सांगितली. कोणाचा बाप कुठल्या कारखान्यात होता तेही सांगितले. मला आमच्या पेठेतले वस्ताद आठवले. मनातल्या मनात मी माझे मत देऊनही टाकले. तेवढ्यात आमच्या मुलींच्या बास्केटबॉलच्या कोचबाईंनी विचारले, "ऑगस्टच्या उन्हात सराव चालू आहे. एक मुलगा म्हणतो, चक्कर येते. काय कराल?" मास्तर म्हणाले, "उभे करीन. शरीर हरायच्या आधी मन हरते. माझी पोरे मी अशीच घडवली."

खोलीत कोणी बोलेना. मेरिलंड विद्यापीठातला १९ वर्षांचा एक लाइनमन २०१८ च्या मे महिन्यात धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि पंधरा दिवसांनी वारला. त्याला वेळेवर बर्फाच्या पाण्यात बसवले गेले नव्हते. त्या दिवसापासून या धंद्यातल्या प्रत्येकाच्या मनात तो मुलगा आहे. मास्तरांचे पोरांवर प्रेम होते, यात शंका नाही. पण नुसत्या प्रेमाने ताप उतरत नाही.

तिसरा सव्वीस वर्षांचा पोरसवदा तरुण. फळ्यावरचे त्याचे अक्षर आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या उत्तरपत्रिकेसारखे. डाव सांगता सांगता त्याने एकाला प्रश्न विचारला, उत्तर चुकले. त्याने खडू खाली ठेवला, टेबले बाजूला सारली आणि पाच जणांना खोलीतच रांगेत वाकून उभे केले. मग मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलाला हाक मारली, "तू बाजूने पाहतोस. तुला काय दिसते?" तो मुलगा मला चांगला माहीत होता. माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गातही तो मागच्या भिंतीलाच टेकून बसे, आणि मैदानावर त्याची जागा बाकावर. तो घुटमळत म्हणाला, "कोच, उजव्या गार्डचे डोके खाली जाते आहे."

"शाबास! डोके खाली गेले की समोरचे दिसत नाही, आणि मान मोडते ती अशीच," तरुण म्हणाला.

ही गोष्ट लहान नव्हे. डोक्याने धडक देण्यास कॉलेज-फुटबॉलमध्ये १९७६ साली बंदी झाली आणि मानेची हाडे मोडून लुळी पडणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने खाली आली. मेंदूचे दुखणे मात्र अजून संपलेले नाही. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांच्या मेंदूंपैकी ४८ मेंदूंत वारंवार बसलेल्या धक्क्यांचा रोग आढळला. हे मेंदू मुख्यतः ज्यांना आधीच शंका होती अशा कुटुंबांनी दिलेले होते, हे खरे. तरी आकडा विसरण्यासारखा नाही. डोके कुठे ठेवायचे, हे शिकवणारा माणूस म्हणजे हा आमचा खालच्या थराचा मास्तर.

उन्हाचा प्रश्न त्यालाही विचारला. तो म्हणाला, "त्याच जागी बर्फाच्या पाण्यात बसवीन. आधी अंग गार, मग दवाखाना. कोणाची परवानगी मागणार नाही, हेड कोचचीसुद्धा नाही." हेड कोच शेजारीच बसले होते; त्यांनी काहीतरी लिहून घेतले. मग मी सौभाग्यवतींचा प्रश्न विचारला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझेच नाव सांगितले तर चालेल का? चार वर्षांत मी सात वेळा मैदानात उतरलो."

तो गेल्यावर मी शंका काढली, की असा पोरगा दोन-तीन वर्षांत कोणीतरी पळवणार. हेड कोच म्हणाले, "प्रोफेसर, तुमचा सर्वांत हुशार विद्यार्थी पुढे शिकायला इथेच राहतो काय?" यावर गणिताच्या प्राध्यापकाला उत्तर नव्हते.

तीन मोसम तो आमच्याकडे राहिला. आमच्या जयपराजयाचा हिशेब फारसा पालटला नाही. कपाटात एकही नवा चषक आला नाही. पण दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात, पहिल्या सामन्याला आठवडा असताना, त्याने संघातल्या सर्वांत चांगल्या टॅकलला सरावातून बाहेर काढून बर्फाच्या टबात बसवले. पोरगा शिव्या घालीत होता. अर्ध्या तासाने उठला, दोन दिवसांनी खेळायला लागला. म्हणजे काहीच घडले नाही. आणि 'काहीच घडले नाही' ही बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. खालच्या थराचे हे असेच. मनोरा कोसळला तर दिसतो. उभा राहिला तर लोक वर पाहतात.

भिंतीला टेकून बसणारा तो मुलगा चार वर्षांत मोजून अकरा डाव खेळला. कोच त्याला दर मंगळवारी संध्याकाळी वाचनालयात बसवी, आणि कॅल्क्युलसचा पेपर झाला की माझ्या खोलीत डोकावून मार्क विचारी. आज तो एका शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी तिथल्या लाइनमन पोरांना तयार करतो. 'डोके वर' हे दोन शब्द तो दिवसातून किती वेळा उच्चारत असेल, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या तरुणाला वरच्या विभागातले बोलावणे आले. माझी शंका खरी ठरली, हेड कोचचे म्हणणेही खरे ठरले. पुन्हा समिती बसली, पुन्हा शंभरावर अर्ज, पुन्हा फळा. पहिल्या उमेदवाराचे बोलणे संपल्यावर मी घसा खाकरला, पण माझ्या आधी हेड कोचनेच विचारले, "ज्याला कधीच खेळायला मिळाले नाही, अशा एखाद्या मुलाचे नाव सांगा पाहू."

घरी येऊन मी हे मोठ्या अभिमानाने सांगितले. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरे झाले. मग आता तुमचे तिथे काय काम?"