"आपल्या घरात सगळ्यांनाच होतं गं"

गेल्या महिन्यातली गोष्ट. लेकीचा अकरावीचा युनिट टेस्टचा पेपर होता आणि ती गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून अंथरुणात मुटकुळं करून पडली होती. पहाटेपासून दोनदा उलटी झालेली. मी डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "आपल्या घरात सगळ्यांनाच होतं गं. आजीलाही व्हायचं, मलाही व्हायचं. होईल कमी."

ती तशीच पडून म्हणाली, "मग आजीला कुणी डॉक्टरकडे नेलं का नाही?"

वीस वर्षं पत्रकारिता करतेय. सरपंचापासून आमदारापर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारून झाले. घरात हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आणि मला तर तो विचारायला हवा होता.

माझं पोट तेराव्या वर्षापासून दुखायचं. दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडायची. घरी ओवा आणि शेक, बाहेर एक गोळी. सव्विसाव्या वर्षी, लग्नाला दोन वर्षं होऊनही दिवस जात नव्हते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा 'चॉकलेट सिस्ट' निघाली. जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. कागदावर नाव लिहिलं होतं, एंडोमेट्रिऑसिस. तेरा वर्षं पोट दुखत होतं तेव्हा कुणी तपासलं नाही. मूल होईना तेव्हा तपासलं.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते. अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर. तिथे सूज येते, चट्टे पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे. म्हणजे पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला.

आता "सगळ्यांनाच होतं" या वाक्याकडे येते.

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात जुळ्या बहिणींचा एक अभ्यास झाला. हा आजार कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, या फरकात आनुवंशिकतेचा वाटा त्यात ५१ टक्के निघाला. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांवरच्या अभ्यासात ४७ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मा. मग २०२३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने साठ हजारांहून जास्त रुग्ण बायकांची जनुकीय माहिती, आजार नसलेल्या सात लाखांहून जास्त लोकांशी ताडून पाहिली गेली. आजाराशी नातं असलेल्या ४२ जागा सापडल्या. त्यातल्या काहींचं नातं अर्धशिशी, पाठदुखी अशा जुनाट दुखण्यांशीही निघालं.

हे वाचून मी आईला फोन लावला. आधी म्हणाली, "काय हे विषय काढतेस?" मग हळूहळू नावं निघाली. तिची आई. थोरली मावशी. मावशीची लेक, जिला मूल झालं नाही आणि जिच्यावरून घरात काय काय बोललं गेलं ते मला अजून आठवतं. यातल्या एकीचंही निदान झालेलं नाही, त्यामुळे सगळ्यांना हाच आजार होता असं मी म्हणणार नाही. पण "सगळ्यांनाच होतं" हे वाक्य आम्ही पिढ्यान् पिढ्या गप्प बसायला वापरलं. खरं तर ते डॉक्टरला जाऊन सांगायचं वाक्य होतं.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे अर्धवट माहितीचा काय उपयोग होतो ते मला माहीत आहे.

एक, आनुवंशिक म्हणजे कपाळावर लिहिलेलं नव्हे. त्या ४२ जागांपैकी प्रत्येकीचा वाटा बारीकसा आहे. सगळ्या मिळूनही आजारातल्या फरकापैकी जेमतेम पाच टक्क्यांचा हिशेब लागतो. जनुकं तपासून निदान करणारी चाचणी आज नाही. कुणी विकत असेल तर पैसे घालू नका.

दोन, हे फक्त आईकडून येत नाही. बापाकडूनही येतं. म्हणून मावशीला विचाराल तसं आत्यालाही विचारा. माझ्या नणंदेची तेहतिसाव्या वर्षी पिशवी काढली. तरीही दुखणं पुरतं थांबलं नाही. तिला नेमकं काय झालं होतं, तो कागद आज कुणाकडेच नाही. "पोरीनं आईचं दुखणं घेतलं" म्हणून लग्नाच्या बोलणीत मुलीला किंवा तिच्या आईला बोल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आजवरची ही माहिती बहुतेक युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या लोकांची आहे. आपल्या बायकांचं चित्र समजावं म्हणून मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था देशातल्या इतर केंद्रांबरोबर अभ्यास करतेय. ते उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात आहे ते करू.

लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. केसपेपरवर घरातल्या बीपी, शुगरसाठी रकाना होता. मी म्हटलं, पाळीचंही लिहा, आणि माझ्या ऑपरेशनचा कागद पुढे केला. सोनोग्राफी नॉर्मल आली. पण ती नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच असं होत नाही, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं आणि उपचार सुरू केले. या महिन्यात दुखलं, पण ती कॉलेजला गेली.

१० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. शाळांमध्ये आरोग्य तपासणी होते. वजन-उंची लिहितात, दात बघतात. त्याच कागदावर दोन प्रश्न वाढवा. पाळीमुळे शाळा बुडते का? घरात आणखी कुणाला असं होतं का? याला मशीन लागत नाही, निधी लागत नाही. पुढच्या आठवड्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हे लेखी देणार आहे. सोबत सह्या करायला कोण येतंय ते सांगा.

आणि आज रात्री जेवताना घरात विचारा. बाबांनीही विचारा.