मागे राहणे

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी भेटीला येणारे सारे एकच सांगत, ‘सहन कर, बाळा.’ मी सहन करीत होतो, पण दात-ओठ खात. औषधे वेळेवर देई, कूस बदलून देई, संध्याकाळी तिच्या उशाशी रोझरीही म्हणे. मन मात्र केव्हाच उंबरठ्याबाहेर गेलेले असे.

त्याच काळात नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठाशी जुजबी ओळख झाली. आपण ज्याला ‘धीर’ किंवा ‘सहनशीलता’ म्हणतो तेथे बहुधा ‘हुपोमोने’ हा शब्द आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणे. यिर्मयाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात (१४:८) तर देवालाच इस्राएलची ‘हुपोमोने’, म्हणजे आशा, असे संबोधिले आहे!

याच शब्दाचे क्रियापद इब्री लोकांस पत्रात (१२:२) प्रभूने सोसलेल्या क्रूसाविषयी येते. मला अधिक नवल वाटले ते लूक २:४३ चे. बारा वर्षांचा येशू जेरुसलेमात मागे राहिला, तेथेही तेच क्रियापद. पित्याच्या घरी तो आपणहून थांबला, एवढाच तेथे अर्थ.

आईजवळ मी तसा कधी थांबलो होतो?

एका दुपारी तिने विचारले, ‘आज कुठे जायचे नाही ना रे?’ जायचे होते. मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ बसलो.