नव्या वर्षाची पहिली माधुकरी

आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे ३१ डिसेंबर म्हणजे टीव्ही बघायचा आणि झोपायचं. यंदा नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, नव्या वर्षाची सुरुवात कधीच न केलेल्या गोष्टीने करू या." गाणगापूरला पूर्वी गेलो होतो, पण दर्शन घेऊन लगेच परत. अष्टतीर्थं पायी केली नव्हती, दारोदार माधुकरी मागितली नव्हती. तेच करायचं ठरलं.

वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या गाडीने गाणगापूर रोडला उतरलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, गाव स्टेशनापासून वीसेक किलोमीटर आत आहे. बस नुकतीच सुटली होती. जीप भरल्याशिवाय निघेना. गावात पोचेपर्यंत दिवस मावळला, आणि फोनवर सांगून ठेवलेली खोली दुसऱ्यालाच दिलेली. वर्षअखेरीची गर्दी, आम्ही दोघी बायका. मी घाबरले होते, पण नणंदबाईंना दिसू दिलं नाही. शेवटी एका पुजाऱ्यांच्या घरी जागा मिळाली. इथले पुजारी यात्रेकरूंना घरात उतरवून घेतात, हे माहीत असलेलं बरं.

पहाटे भीमा-अमरजा संगमावर गेलो. गावातल्या दत्तमठापासून साधारण तीन किलोमीटर. थंडी चांगलीच होती. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. एका गावकरी बाईने हटकलं, "आत जाऊ नका, तांब्याने घ्या." तसंच केलं. औदुंबराखाली त्या वेळीसुद्धा गुरुचरित्राची पारायणं चालू होती.

तिथून अष्टतीर्थं. संगमावरचं षट्कूळ पहिलं, मग नृसिंह, भागीरथी, पापविनाशी, कोटी, रुद्रपाद, चक्र आणि शेवटी कल्लेश्वराजवळचं मन्मथ. वाट विचारत गेलो. कुणी मराठीत सांगितलं, कुणी कानडीत, हाताच्या खुणांनी भागलं. ऊन चढायच्या आत निघावं, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. ओले कपडे घालून चालू नये, मांड्या सोलवटतात. आम्ही कोरडी लुगडी बरोबर नेली होती.

दुपारी माधुकरी. दत्तावतार मानले जाणारे श्रीनृसिंह सरस्वती पंधराव्या शतकात इथे दीर्घकाळ राहिले. आजही ते मध्यान्ही कुठल्याही रूपात भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून इथे गरीब-श्रीमंत सगळेच झोळी घेतात आणि पाच घरी मागतात.

पहिल्या दारात माझा आवाज फुटेना. आयुष्यभर शाळेत शिकवलं, मागायची सवय नाही. नणंदबाईंनीच "ॐ भवति भिक्षां देहि" म्हटलं. दुसऱ्या दारी मी म्हणाले. आतून एक म्हातारी आली. चुलीवरची ज्वारीची भाकरी, तिच्यावर शेंगाची चटणी आणि वाटीत तुरीचं घट्ट वरण. भाकरीला एका कडेला करपल्याचा डाग होता आणि हाताला चटका बसेल इतकी ती गरम होती. "सावकाश जेवा गं," एवढंच म्हणाली. मी कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाच घरचं एकत्र करून मठाच्या आवारात बसून जेवलो. मग स्वामींच्या निर्गुण पादुकांचं दर्शन, झरोक्यातून, क्षणभरच. रांग मोठी होती.

जाणाऱ्यांना एकच सांगते. राहायची सोय आदल्या दिवशी पुन्हा फोन करून पक्की करा, दुसरा पर्याय हाताशी ठेवा. आणि माधुकरी चुकवू नका. लाज वाटते, पण ती पहिल्या दोन दारांपुरतीच.

घरी आल्यावर मी शेजारच्या मुलीला विचारलं, "मला स्कूटर शिकवशील का?" कित्येक वर्षं मनात होतं, विचारायचा संकोच वाटायचा. ती लगेच हो म्हणाली. आता रोज सकाळी मैदानावर जाते.